नवजात बाळाच्या प्रोबसाठी स्टोअरच्या चकरा

बाळाच्या मापाचा प्रोब, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरला जोडायचा सेन्सर मागितला, तर स्टोअरमधून मोठ्या माणसाच्या बोटाला लावायचा चिमटा हातात ठेवला! आमचं ग्रामीण रुग्णालय सातपुड्याच्या पायथ्याशी. लेबर रूममध्ये बाळाला ऊब देणारा वॉर्मर आहे, मास्क लावून हाताने दाबत श्वास द्यायची अंबू बॅग आहे, ठोके आणि रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा पल्स ऑक्सिमीटरही आहे. नव्हता तो फक्त नवजाताच्या हाताला गुंडाळायचा प्रोब.

इंडेंटवर (मागणीपत्रावर) डॉक्टरांची सही लगेच झाली. अडलं ते स्टोअरला. "ऑक्सिमीटर दिलाय ना सिस्टर?" म्हणत त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. 'पल्स ऑक्सिमीटर, नग १, अदा.' प्रोब नावाची वेगळी ओळच नाही, म्हणून मागणी पुढे जात नाही. मग साहेब रजेवर, मग जिल्ह्याला पाठवलंय, मग पुढच्या महिन्यात बघू.

मला राग येतो तो यासाठी. बाळ रडलं नाही, श्वास घेईना, तर पहिल्या मिनिटातच बॅग सुरू करावी लागते. ती लागू पडतेय का, हे आधी हृदयाचे ठोके सांगतात. मिनिटाला १०० च्या खाली असले तर बॅग चालूच ठेवायची. छाती नीट हलेल अशी ३० सेकंद बॅग देऊनही ६० च्या वर गेले नाहीत, तर छाती दाबायला घ्यायची. स्टेथोस्कोपने ६ सेकंद मोजून दहाने गुणता येतं, पण रात्रपाळीला एकटी सिस्टर दोन्ही हातांनी मास्क आणि बॅग सांभाळत असेल, तर मोजणार कोण? प्रोब लावलेला असला तर ठोके मशीनच दाखवतं. बाहेरून आजी विचारत असते, "आंडोर (पोरगं) का बरं रडत नही?" नाळेला बोट लावून मोजण्यावर विसंबू नका, ठोके असतात त्यापेक्षा कमी लागतात.

शेवटी अधीक्षकांकडे गेले आणि रुग्ण कल्याण समितीच्या निधीतून प्रोब आले. तुम्ही आधीच तिथे जा. अर्जात मशीनचं मॉडेल लिहा, नाहीतर पिन बसत नाही.

प्रोब उजव्याच हाताला लावायचा. मशीन आधी चालू करा, प्रोब बाळाला गुंडाळा आणि मग वायरला जोडा, म्हणजे आकडा लवकर येतो. तरी मिनिटभर जातोच, तोवर स्टेथोस्कोप सोडू नका.

आता स्टोअरवाले म्हणतात, प्रोब नोंदवून कपाटात ठेवा. रात्री त्या कपाटाची चावी कोणाकडे असेल ते आधी लेखी द्या, असं मी कळवलंय. तोवर प्रोब वॉर्मरच्या ट्रेमध्येच राहणार.