असईचे गोलंदाज, २८ मिलिमीटरमधे

चौथी तोफ झाली एकदाची. म्हणजे तोफ कधीच झाली होती, तिच्याभोवतीचे गोलंदाज, म्हणजे तोफ डागणारे, राहिले होते, काल रात्री शेवटच्याच्या पागोट्यावर हायलाइट मारला आणि आता टेबलावर चार तोफा आणि चोवीस माणसं उभी आहेत, टेबलावर फाशांनी लढाई खेळायचे २८ मिलिमीटरचे पुतळे. सगळी उभी नाहीयेत खरं तर, आणि मला त्याबद्दलच लिहायचंय.

माझी आर्मी आहे शिंद्यांची. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातलं असई. समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे वेलिंग्टन म्हणून वॉटर्लू जिंकला. इकडे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले, पण खरी लढली ती महादजी शिंद्यांचा युरोपीय सेनापती द बॉयन याच्या वेळेपासून तयार केलेली कवायती पलटणींची फौज, जिला आपल्याकडे कंपू म्हणायचे, आणि तिच्यासोबतच्या शंभराच्या आसपास तोफा. आपण हरलो. पण वेलस्लीची दीड हजारावर माणसं मेली किंवा जखमी झाली, त्यातली बरीचशी या तोफांनी, आणि म्हातारपणी त्याला विचारलं की लढाईत तुम्ही सगळ्यात चांगलं काय केलंत तर त्याने असईचं नाव घेतलं, वॉटर्लूचं नाही.

या काळातले मराठे मेटलमधे मिळतात, पण बाहेरून मागवायचे तर शिपिंग आणि कस्टम धरून एका तोफेच्या भावात माझा महिन्याचा हॉबीचा खर्च संपतो. म्हणून कन्व्हर्जन, म्हणजे दुसरेच पुतळे कापून-जोडून आपले करायचे. नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश पायदळाचा एक प्लॅस्टिक बॉक्स मित्राबरोबर अर्धा अर्धा घेतला, अफगाण टोळीवाल्यांच्या बॉक्समधली उरलेली डोकी त्याच्याकडेच होती. शाकोवाली, म्हणजे उंच कडक टोपीची, डोकी मानेतून कापायची, पाठीवरची सॅक घासून काढायची, बुटांचे कंगोरे ब्लेडने खरवडायचे की साधा जोडा वाटला पाहिजे. बंदूक धरलेला हात मनगटाशी कापून एक मिलिमीटरच्या ड्रिलने भोक पाडायचं, त्यात पेपरक्लिपची तार, त्यावर गज धरलेला हात. नुसत्या फेविक्विकवर ठेवला तर खेळताना पहिल्याच धक्क्याला निखळतो, तारेला पर्याय नाही.

पागोट्यात सगळ्यात जास्त वेळ गेला. अफगाण डोक्यांवरची पगडी सैल आणि मोठी, आणि मागे सोडलेला शेला. तो शेला कापला आणि वरून ग्रीन स्टफचे, म्हणजे दोन पट्ट्या मळून घट्ट होणाऱ्या पुटीचे, पीळ घातले. निळी आणि पिवळी पट्टी सारखी मळायची, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग ओल्या बोटाने काचेवर शेवयांसारखी बारीक वळी करायची आणि एकेक वळसा सुईने बसवायचा. ताजी असताना लावली तर चिकटते आणि घडीच उठत नाही, हे मला सहा डोकी वाया घालवून कळलं. जमिनीतले दगड, वाळूच्या गोणी वगैरे मोठ्या कामाला एम-सील मस्त चालतं, ग्रीन स्टफ तिथे वापरू नका, महाग पडतं.

आता ती पडलेली माणसं. ब्रिटिश लाइन संगिनी लावून तोफांपर्यंत आली तरी गोलंदाज हलले नाहीत, तोफेपाशीच मारले गेले. आणि काही जण मेल्यासारखे तोफांखाली पडून राहिले, लाइन पुढे निघून गेल्यावर उठले आणि त्याच तोफा फिरवून मागून डागल्या. वेलस्लीला उलटं येऊन स्वतः दुसऱ्यांदा त्या घ्याव्या लागल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसलो होतो. त्या माणसांची नावं कुठे नाहीत. म्हणून दर तोफेमागे दोघं आडवे केलेत, एक खरंच गेलेला आणि एक चाकाखाली, ज्याचा तळवा जमिनीवर टेकलेला आहे आणि कोपर वाकलेलं, आत्ता उठेल असं. त्या कोपराचे तीन तुकडे केले तेव्हा कुठे वाकलं.

रंगाबद्दल थोडंसं. व्हिडिओतल्या भारतीय कातडीच्या बहुतेक रेसिपीत शेवटी राखाडी छटा येते, मेलेली दिसते. मी गडद तपकिरीत थोडा तांबडा आणि पिवळसर मातकट मिसळतो आणि प्रत्येक माणसासाठी वेगळं प्रमाण घेतो, एका तोफेवरचे सहा जण सहा गावचे असणार ना. वर अग्रॅक्स अर्थशेडचा, म्हणजे खाचांत उतरणाऱ्या पातळ तपकिरी रंगाचा, एक हात, बास. तोफा पितळी. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा स्प्रेचा थर, मात्र जुलैत गॅलरीत मारू नका, माझ्या आठ माणसांवर दमट हवेने पिठासारखा खर धरला, ब्रशने धुवून परत पहिल्यापासून.

आणि बेस, म्हणजे पुतळ्यांच्या पायाखालची जमीन. भारत म्हटलं की सगळे पिवळी वाळू टाकतात, वाळवंट असल्यासारखी. असई मराठवाड्यात आहे, पाऊस नुकताच सरत आलेला, काळी माती, हिरवं गवत, केळणा आणि जुई नद्यांच्या मधला तुकडा. गेल्या वर्षी मी तिथे गेलो तेव्हा बांधावरून डबाभर माती घेतली. शेतातले एक काका बघत होते. म्हणाले, "कशाला हो माती? तपासायला नेता का?" मी मोबाइलवर फोटो दाखवले. त्यांनी झूम करून चाकाखालचा माणूस बघितला, म्हणाले, "ह्यो जित्ता हाय." ती माती चाळून फेविकॉलने लावलीय, रंग दिलेलाच नाही.

पुढच्या रविवारी पहिला गेम. मित्र ब्रिटिश चालवणार. आम्ही एक नियम ठरवलाय, तोफ घेतली आणि लाइन सहा इंच पुढे गेली की मी फासा टाकणार, पाच किंवा सहा पडला तर चाकाखालचा उठतो आणि तोफ फिरते. तोफ नुसती घेऊन चालणार नाही, तिथे कोणीतरी ठेवावं लागेल. त्याने विचारलं, मग मी एक पलटण मागेच ठेवली तर? म्हटलं ठेव, मग पुढे शिंद्यांच्या कंपूचा सेनापती पोलमन याच्या लाइनसमोर तेवढी माणसं कमी. त्या पलटणी अजून रंगवायच्यात, अट्ठेचाळीस डोकी कापून ठेवलीत.