नागपूर ते सिल्लेवानी घाट आणि परत: माझी पहिली २०० ची राईड

रविवारी रात्री घरी आले तेव्हा तळहात इतके बधिर झाले होते की कुलपात किल्ली फिरवता येत नव्हती, सासूबाईंनी आतून दार उघडलं आणि आधी पाणी दिलं, मग विचारलं, झालं का गं पूर्ण? झालं म्हटलं. तेव्हापासून लिहायचंच होतं, आज वेळ मिळाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी केली ती २०० किलोमीटरची बीआरएम. बीआरएम म्हणजे लांब पल्ल्याची सायकल राईड, पद्धत मूळची फ्रान्सची. यात पहिला दुसरा नंबर नसतो, ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण करायचं एवढंच. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस तास, पुढे ४०० आणि ६०० पण असतात. मध्ये कंट्रोल पॉईंट असतात, तिथे ब्रेव्हे कार्डावर नोंद घ्यायची, प्रत्येक पॉईंट बंद व्हायची वेळ ठरलेली. हेल्मेट, पुढचा मागचा लाईट, चमकणारं जॅकेट कंपल्सरी. आणि पंक्चर झालं, चेन तुटली तर ज्याचं त्याने बघायचं, मागून आपली गाडी चालत नाही, राईडच्या बाहेरच्यांची मदत घ्यायचीच तर फक्त कंट्रोलवर.

नागपुरात सायकलचं वेड वाढलं त्यात डॉ. अमित समर्थ यांचा मोठा वाटा आहे असं मला मनापासून वाटतं. आपल्या नागपूरच्या माणसाने २०१७ मध्ये अमेरिकेतली रॅम (रेस अक्रॉस अमेरिका), म्हणजे एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत जवळजवळ ४८०० किलोमीटर, एकट्याने बारा दिवसांच्या आत पूर्ण केली. त्याच्यापुढे आमचे २०० काहीच नाही, पण सकाळी फुटाळा तलावावर सायकल घेऊन येणाऱ्या कितीतरी जणांच्या डोक्यात ते नाव असतंच, माझ्याही होतं.

आमचा रूट छिंदवाडा रोडने सावनेर, सौंसर, रामाकोना करत सिल्लेवानी घाटापर्यंत आणि त्याच रस्त्याने परत. ज्यांनी छिंदवाडा रोड फक्त कारने केलाय त्यांना हा रस्ता सपाट वाटतो, मला पण वाटायचा. नागपूरच्या झिरो माईलच्या दगडावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलीय १०२० फूट, आणि छिंदवाडा आहे साधारण २२०० फुटांवर, म्हणजे चढायचं तर आहेच, पण घाट यायच्या आधी तो चढ एकदम समोर येत नाही, तुकड्या तुकड्याने येतो. एक चढ, मग उतार, मग पुन्हा चढ, आणि प्रत्येक वेळी उतारात मिळालेलं पुढच्या चढात द्यावं लागतं.

सकाळी सहाला निघालो, पंचवीस-तीस जण असू. अंधार, थंडी, सगळ्यांचे लाल लाईट एका रांगेत चालून राहिले होते आणि कोणीच बोलत नव्हतं, फक्त फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज. सावनेरला पोहे खाल्ले (तर्री घेतली नाही, पुढे दीडशेच्या वर किलोमीटर असताना तर्री नकोच). तिथून पुढे रस्ता उघडा पडतो. कापूस फुटलेली वावरं, कापसाने भरलेल्या ट्रॉल्या, मग मध्य प्रदेशची हद्द लागते आणि पाट्या हिंदीत होतात पण माणसं मराठीच बोलतात, आणि संत्र्याच्या बागा काही संपत नाहीत. सौंसरच्या अलीकडे एका बागेच्या कडेला बाया तनसावर संत्री निवडत बसल्या होत्या, मोठी एकीकडे बारकी एकीकडे. मी पाणी प्यायला थांबले तर एकीने दोन संत्री हातात दिली, पैसे काढले तर म्हणे, कायले पैसे, सायकलवर आली ना तू नागपूरवरून. तशी संत्री मी वर्षभरात खाल्ली नाही.

ग्रुप राईड म्हणजे सगळे बरोबर चालतात असं मला आधी वाटायचं, तसं अजिबात नसतं. पहिल्या दोन चढांतच ग्रुप फुटतो. कॉलेजची पोट्टी उभं राहून पॅडल मारत निघून जातात, कोणी मागे पडतं, आणि ते बरोबरच आहे, कारण चढावर दुसऱ्याच्या स्पीडने चढलं की पाय संपतात. ट्रेनिंगच्या वेळी नागपुरातल्या सेमिनरी हिल्सच्या चढावर मी हेच चुकत होते, पुढच्याच्या चाकाला चिकटून राहायचे. तिथे मला एका काकांनी शिकवलं, रेल्वेतून रिटायर झालेले, वय ६२, की चढ सुरू व्हायच्या आधी गियर हलका कर, अर्ध्या चढावर जोर लावून बदलशील तर चेन कडकड करेल नाहीतर उतरेल, आणि श्वास मोज, माणसं मोजू नको.

तेच काका रामाकोन्याच्या पुढे माझ्या कामी आले. माझं मागचं चाक बसलं. घड्याळात सव्वाअकरा, घाटातला कंट्रोल पॉईंट १२:४० ला बंद होणार, आणि मला वाटलं संपलं सगळं. मी घाईघाईने चाक काढलं, नवीन ट्यूब टाकायला निघाले तेवढ्यात काका मागून आले आणि सायकल आडवी टाकून खाली बसले. म्हणाले, थांब बेटा, आधी चोर पकड. मग त्यांनी टायरच्या आतून बोट फिरवायला सांगितलं, हळू, पूर्ण गोल. पहिल्या फेरीत काही लागलं नाही. दुसऱ्या फेरीत बोटाला टोचलं, केसाएवढी बारीक लोखंडी तार, बाहेरून दिसतच नव्हती. ट्रकचे टायर फुटतात ना हायवेवर, त्यातल्या तारा अशा पसरलेल्या असतात. नखाने निघेना, शेवटी काकांनी चिमटा काढला, त्यांच्या सीटखालच्या पिशवीत चिमटा होता! ती तार तशीच ठेवून ट्यूब टाकली असती तर दोन किलोमीटरवर पुन्हा तेच झालं असतं.

या सगळ्यात पंचवीस मिनिटं गेली. काकांना थांबायची काहीच गरज नव्हती, त्यांच्या कार्डाची वेळ पण चालूच होती. मी तीनदा म्हटलं काका तुम्ही निघा, ते पंपाने हवा भरत राहिले.

मग घाट. दोन्ही बाजूला साग, वळणावर ट्रक पहिल्या गियरमध्ये घरघरत येऊन राहिलेले, आणि आम्ही दोघं काही न बोलता चढत होतो, मी पुढे ते मागे. १२:३१ ला पोचलो. तिथे सकाळी पुढे निघून गेलेली ती पोट्टी बसली होती, त्यांनी आमच्यासाठी मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि केळी ठेवली होती, नाहीतर टपरीवरचं सगळं संपलं होतं. एकाने माझं कार्ड घेऊन धावत नेलं. मला तिथे रडू आलं, खरंच.

परतीचं फार सांगण्यासारखं नाही. उतार जास्त, पण दुपारी ऊन लागतं आणि सावनेरनंतर ट्रक खूप, अंधारात समोरच्यांचे अप्पर लाईट डोळ्यावर येतात, तिथे आम्ही सात जणांनी ठरवून एका मागे एक रांग धरली, कारण तेव्हा एकटं चालणं धोक्याचं होतं. ६:५८ ला पोचलो, तेरा तासाला दोन मिनिटं कमी.

काकांचा काल मेसेज आलाय, ३०० ची तयारी करायची असेल तर रविवारी साडेपाचला सेमिनरी हिल्सच्या पायथ्याशी ये, चिमटा आणशील. आज सीताबर्डीवरून घेऊन आले.