पिवळा नेमका कुठल्या थरातला? पेटीतल्या फोनांच्या नोंदी, ऑगस्ट ते ऑक्टोबर

पडदा बिघडलेले जुने फोन मी एका पेटीत ठेवतो, त्यांना क्रमांक देतो आणि दोष कुठला ते शोधतो. मागच्या नोंदीच्या वेळी पेटीत १४ फोन होते, आता १७ झालेत. दोन पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले, एक मावसबहिणीच्या कपाटात सापडला. बायकोने पेटीवर खडूने 'ओपीडी' लिहून ठेवलंय.

या तीन महिन्यांत शिकलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो. स्क्रीन पिवळा दिसला की लगेच निदान लिहायचं नाही, आधी थर शोधायचा. सॉफ्टवेअर, काचेखालचा गोंद, पोलरायझर (उजेड गाळणारी पातळ फिल्म), पिक्सेल (पडद्याचे ठिपके), बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) आणि या सगळ्यांच्या पाठीमागे बसलेली बॅटरी. पिवळा यातल्या कुठूनही येतो आणि डोळ्यांना सगळे पिवळे सारखेच दिसतात. हे मला क्रमांक ९ने शिकवलं, आणि चांगलंच तोंडावर पाडून शिकवलं. त्याआधी पडद्यांचे फोटो काढायची मांडणी कशी आहे ते सांगतो, कारण मागच्या वेळी तिथेच घोळ होता.

अंधाराची खोली म्हणजे आमची बाथरूम. गीझरचा लाल दिवा काळ्या चिकटपट्टीने झाकलाय. फोन उलट्या पोळपाटावर, वर जुना डीएसएलआर. आयएसओ १००, शटर १/८ सेकंद, व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर पक्का, फाइल रॉ (कॅमेऱ्याने रंग न सुधारलेली). शटर इतकं सावकाश ठेवायचं कारण असं की बरेच ओएलईडी पॅनल (ज्यांचे ठिपके स्वतःच उजळतात) ब्राइटनेस कमी केल्यावर सेकंदाला २४० वेळा उघडझाप करतात. १/८ सेकंदात अशा ३० उघडझापी येतात आणि सरासरी मिळते. १/१००० ला फोटो काढलात तर फोटोत आडवे काळे पट्टे येतात आणि आपण पॅनलवर खापर फोडतो. जूनमध्ये मी तेच केलं होतं. क्रमांक ६ निर्दोष आहे, त्याची जाहीर माफी.

रंगांची चित्रं मी स्वतः पीएनजीमध्ये बनवतो, फोनच्या नेमक्या रिझोल्यूशनची: लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा, मधला करडा आणि एक जवळजवळ काळा करडा. व्हॉट्सॲपवर फिरणारी चित्रं लहान होऊन येतात, फोन ती ताणतो, कडेला पट्टी उरते आणि नेमका कडेचाच दोष निसटतो. सॅमसंगवर डायलरमध्ये *#०*# टाकलं की कंपनीचाच चाचणी-पडदा उघडतो, शाओमीवर *#*#६४८४#*#* आहे. मी पीएनजीच वापरतो, कारण सगळ्या फोनांना एकच मापदंड लागतो.

आणि सगळ्यात आधी स्क्रीनशॉट. डाग किंवा रेघ स्क्रीनशॉटमध्ये उतरली, आणि तो स्क्रीनशॉट दुसऱ्या फोनवरही तसाच दिसला, तर पॅनलला हात लावायचं कारण नाही. उलट मात्र खरं नाही. नाइट लाइटचा पिवळा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, म्हणून तो, रीडिंग मोड, कलर करेक्शन आणि रंगांचं प्रोफाइल एकेक करून बंद करून पाहायचं. शेजारच्या काकूंचा फोन 'रात्री दहानंतर रंग सोडतो' अशी तक्रार होती. काकूंनी कधीतरी बेडटाइम मोड लावला होता आणि त्यातला ग्रेस्केल चालू होता. दोन मिनिटांचं काम, चहा मात्र दोनदा झाला.

क्रमांक ९

हा आयपीएस एलसीडीचा, म्हणजे मागून दिव्याने उजळणाऱ्या पडद्याचा, साधा फोन, मावसबहिणीचा. मधोमध, जरा खालच्या अंगाला, पांढऱ्यावर पिवळट डाग, साधारण पुरीएवढा. माझी ऑगस्टमधली नोंद जशीच्या तशी: "बॅकलाइटचे एलईडी म्हातारे झाले." केवढा तो आत्मविश्वास!

तर्क अगदीच बिनबुडाचा नव्हता. बॅकलाइटमधला पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळं फॉस्फर चढवून पांढरा उजेड काढतात. तो जुना झाला की रंग सरकू शकतो. पण फोनमध्ये हे एलईडी पडद्यामागे पसरलेले नसतात. ते एका कडेला, बहुतेक खालच्या, ओळीने बसलेले असतात आणि त्यांचा उजेड एक पारदर्शक पत्रा वरपर्यंत वाहून नेतो. म्हणजे एलईडीत बिघाड असेल तर तो कडेपासून पंख्यासारखा पसरलेला दिसायला हवा, एखादा बंद पडला तर कडेला सावलीचा त्रिकोण. मधोमध बेटासारखा गोल डाग एलईडी पाडूच शकत नाही. हे मला माहीत होतं, पण लिहिताना आठवलं नाही.

सप्टेंबरात परत काढला. लाल, हिरवा, निळा, तिन्ही पडद्यांवर डाग हजर. म्हणजे एखाद्या रंगाचे पिक्सेल थकल्याची गोष्ट नाही. मग काळं चित्र, ब्राइटनेस पूर्ण, दार बंद. एलसीडीचा काळा मुळातच राखाडी असतो, मागचा उजेड थोडा झिरपतोच, पण डागाच्या जागी तो जास्त झिरपत होता. फोन तिरपा केला की डागाची कड बदलायची. इथे माझा संशय पोलरायझरवर गेला आणि पुढचे आठ दिवस मी पोलराइज्ड गॉगल लावून बाथरूममध्ये बसायचो. आईने काही विचारलं नाही, हे तिचे उपकार.

उत्तर शेवटी जेवणाच्या टेबलानं दिलं. फोन काचेवर पाठीवर ठेवला आणि बोटाने टिचकी मारली तर तो भोवऱ्यासारखा फिरला. पाठ सपाट असलेला फोन असा फिरत नाही. बॅटरी फुगली होती. ती मागून पॅनलला ढकलत होती, दोन काचांमधलं लिक्विड क्रिस्टलचं अंतर तिथं बदललं होतं, म्हणून रंग बदलला होता.

तिथेच थांबलो. फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, चार्ज करायची नाही, आणि पात्याने खरवडून तर मुळीच काढायची नाही. मोबाइल दुरुस्त करणाऱ्या मित्राकडून काढून घेतली आणि ई-कचऱ्यात दिली. नवी बॅटरी बसवल्यावर दोन दिवसांत डाग बराचसा विरला. नखाएवढी फिकट खूण उरली आहे. बहुधा मागच्या, उजेड पसरवणाऱ्या डिफ्यूझरच्या कागदावर वळ उठलाय, आणि त्यासाठी मी पॅनल सोलणार नाही. आता कुठलाही फोन आला की पडदा पेटवायच्या आधी त्याला काचेवर टिचकी मारतो.

क्रमांक १२

हा माझा नाही, उसना आहे. आमच्या स्टँडवरच्या एका रिक्षावाल्या काकांचा. ओएलईडी, तीन वर्षांचा, रोज आठ-दहा तास डॅशबोर्डवर, ब्राइटनेस पूर्ण, वरून ऊन. पांढऱ्या पडद्यावर खालचा चतुर्थांश भाग चहाच्या डागासारखा पिवळा आणि त्यात चौकटी.

"दादा, पाणी गेलं असेल का हो?" काकांनी विचारलं.

निळं चित्र लावलं आणि दोघंही गप्प झालो. भाड्याच्या ॲपची तळपट्टी, त्यातलं बटण, बटणावरच्या अक्षरांची पुसट कड, वर नकाशाची शोधपट्टी, सगळं निळ्यात कोरलेलं. हिरव्यावर तीच चौकट जेमतेम दिसत होती, लालवर शोधावी लागत होती.

ओएलईडीत मागे दिवा नसतो, प्रत्येक उपपिक्सेल (पिक्सेलमधला एकेका रंगाचा ठिपका) स्वतः जळतो आणि जळला तेवढा झिजतो. निळा सगळ्यात लवकर. म्हणूनच या पॅनलमध्ये निळे ठिपके हिरव्यांपेक्षा मोठे ठेवतात, म्हणजे तेवढ्याच उजेडासाठी त्यांच्यावर ताण कमी येतो. तरी झीज होतेच, आणि उष्णतेने ती वाढते. पांढऱ्यातला निळा कमी झाला की उरतो तो पिवळा. म्हणजे क्रमांक ९ आणि क्रमांक १२ पांढऱ्या पडद्यावर शेजारी ठेवले तर सख्खे भाऊ वाटतील, आणि दोघांच्या आजारांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही.

मोजमाप असं केलं. निळ्या पडद्याच्या रॉ फाइलमधला फक्त निळा चॅनल घेतला आणि तळपट्टीची सरासरी वरच्या कोऱ्या भागाशी ताडून पाहिली. माझ्या मोजणीत तळपट्टी १७ टक्के मंद, हिरव्यात ५, लालमध्ये ३. हे आकडे माझ्या पोळपाटाचे आहेत, प्रयोगशाळेचे नाहीत. पण फोन न हलवता तीनदा काढले आणि तिन्ही वेळा एका टक्क्याच्या आत आले. एक पथ्य आहे, निळा चॅनल कुठेही उतू जाता कामा नये. एक्स्पोजर जास्त झालं की दोन्ही भाग सारखेच पांढरेफट्ट होतात आणि बर्न-इन, म्हणजे झिजेचा ठसा, 'बरा' होतो.

हा तात्पुरता ठसा आहे की कायमचा, हे पाहायला काकांकडून फोन दोन दिवस मागून घेतला आणि बंद ठेवला. तात्पुरता असता तर फिका झाला असता. आकडा १७चा १७. यूट्यूबवरचे रंग भडकवणारे 'बर्न-इन धुऊन टाका' व्हिडिओ मी लावत नाही. झिजलेला निळा त्याने परत येत नाही, उरलेला मात्र झिजतो. ठशाचं उलटं चित्र तासन्तास लावून ठेवण्याच्या युक्तीचंही तेच. ती सगळ्या पडद्याला रोग्याच्या पातळीवर आणते.

काकांना एवढंच सांगितलं, नकाशा डार्क ठेवा, ब्राइटनेस ऑटोवर टाका, फोन काचेपासून खाली सावलीत लावा. "नकाशा दिसतोय ना, मग राहू दे की डाग," ते म्हणाले. फोटो मात्र मागून घेतला, घरी दाखवायला.

क्रमांक १५

जुन्या बाजारातला. वरपासून खालपर्यंत एक पिक्सेल रुंदीची हिरवी रेघ, स्क्रीनशॉटमध्ये नाही. या रेघेचे रुग्ण गेल्या काही वर्षांत एवढे वाढलेत की एकदोन कंपन्यांनी भारतात ठरावीक मॉडेलचे स्क्रीन फुकट बदलून दिले.

मला छळणारा प्रश्न वेगळा होता. रेघ हिरवीच का? उत्तर पाण्याच्या थेंबात मिळालं. ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही त्यांच्यासाठी: टूथपिकच्या टोकाने अगदी बारीक थेंब काचेवर ठेवा, कडांपासून आणि स्पीकरच्या जाळीपासून लांब. थेंबाचं भिंग होतं आणि उपपिक्सेल दिसतात. बहुतेक ओएलईडी फोनांत लाल-हिरवा-निळा असे सरळ तीन पट्टे नसतात. हिरवे प्रत्येक पिक्सेलला एक, लाल आणि निळे त्याच्या निम्मे. उभ्या रांगा पाहिल्या तर एक रांग निव्वळ हिरव्यांची, शेजारची लाल-निळ्यांची आलटून पालटून. हिरव्या रांगेची तार बिघडली की रेघ हिरवी, शेजारची बिघडली तर जांभळट गुलाबी. गुलाबी रेघेचा फोन मी शोधतोय, कुणाच्या खणात पडला असेल तर सांभाळून ठेवा.

रेघ उभी असते कारण या तारा पॅनलच्या खालच्या कडेच्या चिपकडून वर जातात. खालच्या कडेवर बोटाने अगदी हलका दाब दिला तर रेघ लपलपते. याचा अर्थ पॅनलला तारांची पट्टी जिथे चिकटवलेली असते तो जोड सुटत असणार. तो जोड परत बसवायला बाँडिंग मशीन लागतं. हॉट एअरने शेकून पाहण्याचा मोह झाला होता, आवरला. त्या उष्णतेत आधी पोलरायझर करपतो.

बाकीचे

क्रमांक ३ अंधारात करड्याला हिरवट झाक देतो, पण फक्त १२० हर्ट्झवर, म्हणजे पडदा सेकंदाला १२० वेळा ताजा होतो तेव्हा. ६० ला टाकला की झाक गायब. प्रत्येक रिफ्रेश रेटचं रंगांचं गणित वेगळं साठवलेलं असतं, आणि याचं १२० चं कच्चं आहे. हार्डवेअर ठीक. सध्या तो ६० वर, मुलाच्या गजराच्या कामाला.

क्रमांक १६ची मजा. विकणाऱ्याने 'ओरिजिनल फोल्डर (म्हणजे काचेसकट पडदा) टाकलाय' म्हणून शपथ घेतली होती. काळं चित्र लावलं, दिवा मालवला, तर पडदा राखाडी उजळला. ओएलईडीचा काळा म्हणजे पिक्सेल बंद, तिथे काहीच दिसायला नको. थेंब ठेवला, सरळ तीन पट्टे. म्हणजे ओएलईडीच्या जागी एलसीडीची कॉपी. स्क्रीनखालचं बोटाच्या ठशाचं सेन्सर का चालत नाही हेही मग कळलं. ते ओएलईडीच्या आरपार बघणारं, मध्ये बॅकलाइटची भिंत आली की आंधळं. जुन्या बाजारात दिवा मालवता येत नाही, म्हणून आता जाताना काळं कापड घेऊन जातो. डोक्यावर कापड घेऊन फोनमध्ये डोकावणारा माणूस दिसला तर तो मीच.

क्रमांक १७च्या डाव्या कडेला गुलाबी झाक आहे. टिचकीची चाचणी पास, स्क्रीनशॉट स्वच्छ, लाल-हिरवा-निळा तिन्ही एकसारखे, थेंबात ओएलईडीचीच रचना. झाक फक्त पांढऱ्यावर आणि फक्त समोरून, ४५ अंशांवर नाही. वरच्या टेम्पर्ड ग्लासला यूव्ही गोंद लावलेला आहे, त्यामुळे सध्या वहीत "गोंद?" एवढंच लिहिलंय, प्रश्नचिन्हासकट. ग्लास रविवारी काढणार आहे.