भिलारच्या वाटेवर गूजबेरी: तोडणीपासून मुरांब्यापर्यंत

वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणी ओलांडली की महाबळेश्वरच्या रस्त्यावर भिलारचा फाटा, गुरेघर, मेटगुताड लागत जातं. या पट्ट्यात सगळे येतात ते स्ट्रॉबेरीसाठी. आम्ही मात्र गाडी थांबवतो ती बांधाकडेला पापुद्र्यात झाकलेली पिवळी फळं दिसली की. हीच गूजबेरी, उत्तरेकडची रसभरी. पावसाळ्यात आपल्याकडे पडीक जागी उगवणारी चिरबोटी हिच्याच कुळातली, पण तिचं फळ अगदी बारीक. गूजबेरी मूळची दक्षिण अमेरिकेतल्या आंदीज पर्वतराजीतली. आजही तिची मोठी निर्यात कोलंबियातून होते.

यायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये यावं, त्यातही फेब्रुवारी उत्तम. पाणी धरून न ठेवणारी तांबडी माती आणि थंड रात्री या झाडाला मानवतात. कडाक्याची थंडी मात्र सोसत नाही. वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या वर्षी दव गोठतं, तेव्हा झाडांचे शेंडे करपतात आणि बहर मागे पडतो. म्हणून निघण्याआधी शेतकऱ्याला फोन करून माल आहे का, ते विचारावं. बहुतेक ठिकाणी स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांलगत गूजबेरीच्या मोजक्याच ओळी असतात, आणि स्वतः तोडू देणं हे त्या दिवशीच्या मालावर ठरतं. शेवटची फवारणी कधी झाली, हेही तेव्हाच विचारून घ्यावं.

शेतात उतरायची वेळ दहानंतरची. सकाळी टरफलांवर दव असतं. ओली टरफलं टोपलीत गेली की दोन दिवसांत आतून बुरशी धरते, मग फळ कितीही चांगलं असो, फेकावंच लागतं. अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत, कारण पानं लवेची आणि चिकट असतात.

पहिली नजर जमिनीवर टाकायची. गूजबेरी पिकली की टरफलासकट आपोआप गळते, त्यामुळे खाली पडलेली, कोरडी, गवती रंगाची फळं हाच सगळ्यात गोड माल. झाडावरचं फळ तोडताना टरफलाचा रंग पाहायचा. हिरवं असेल तर हात लावू नये. पिवळसर हिरवं असेल तर अजून आठवडाभर राहू द्यावं. वाळक्या गवताच्या रंगाचं झालं की घ्यावं. शंका वाटली तर फळ उन्हाकडे धरायचं, पातळ पापुद्र्यातून आतला रंग दिसतो. तो गडद पिवळा किंवा नारिंगी हवा. हिरवट फळ घरी ठेवलं तर रंग थोडाफार येतो, गोडी मात्र येत नाही. शिवाय ही वनस्पती टोमॅटो-बटाट्याच्या कुळातली. कच्च्या फळात आणि पाना-टरफलात पोटाला बाधणारी द्रव्यं असतात. लहान मुलं सोबत असतील तर हे आधीच बजावून ठेवावं.

तोडताना फळ ओढायचं नाही. फांद्या ठिसूळ असतात आणि त्याच फांदीवर पुढची फुलं असतात. देठ चिमटीत धरून हलकेच पिळ द्यायचा. टरफलावर बारीक काळं भोक दिसलं तर आत अळी आहे असं समजावं. वजनाला जड आणि टरफल आतून ओलसर लागत असेल तर फळ तडकलेलं असणार. पाण्याचा ताण बसल्यावर एकदम भरपूर पाणी दिलं की गर फुगतो, साल तेवढी ताणत नाही आणि फळ फुटतं. असं फळ तिथंच खाऊन टाकावं, घरी नेऊ नये.

एक पिकलेलं फळ सोलून नीट पाहण्यासारखं असतं. पाच पाकळ्यांचा शिरांनी विणलेला पापुद्रा, आत मोठ्या बोराएवढं गुळगुळीत फळ, आणि त्यावर बोटांना चिकटणारा तेलकट थर. हा थर कडवट असतो. पदार्थ बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण तोच. फळं कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून हातानं चोळायची, मग गार पाण्यानं दोनदा धुवायची. पण हे वापरायच्या वेळीच. टरफल काढून धुतलेलं फळ फ्रिजमध्येही आठवडाभरच धड राहतं, टरफलासकट कोरडं ठेवलं तर गार, हवेशीर जागी महिनाभर सहज टिकतं. वाटेत प्लॅस्टिकची पिशवी नको, घाम धरतो. बांबूची करंडी किंवा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा, तळाला वर्तमानपत्र, आणि फळांचे दोन-तीनच थर.

स्वयंपाकाला बसल्यावर या फळाचे दोन गुण ध्यानात ठेवायचे: आंबटपणा चांगला, आणि पेक्टिन भरपूर. त्यामुळे जॅम बाहेरून काही न घालता घट्ट होतो. एक किलो सोललेली फळं अर्धी वाटी पाण्यात झाकून दहा-बारा मिनिटं शिजवावीत, सगळी फुटली पाहिजेत. पळीनं रगडून मगच सातशे ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालावा. साखर आधी घातली तर साली चिवट होतात आणि दातात येतात. मोठ्या आचेवर पंधरा-वीस मिनिटं, सतत ढवळत. गार बशीवर थेंब टाकून बोटानं सरकवला की सुरकुती पडली पाहिजे, लगेच गॅस बंद. पातेल्यात जॅम पातळच दिसतो, म्हणून बरेच जण पाच मिनिटं जास्त आटवतात आणि दुसऱ्या दिवशी बाटलीत चामट गोळा मिळतो. बिया बारीक असतात, आम्हाला त्या आवडतात. नको असतील तर साखर घालण्याआधी चाळणीतून काढाव्यात.

मुरांब्यासाठी फळं अख्खी हवीत. प्रत्येक फळाला सुईनं पाच-सहा टोचे द्यायचे. हे कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पाक आत शिरत नाही, उलट फळातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि फळं सुरकुततात. अर्धा किलो फळांना अर्धा किलो साखर आणि एक वाटी पाणी. पाक एकतारीच्याही आधी, नुसता उकळला की फळं घालून पाच मिनिटं उकळी द्यावी, रात्रभर तसंच ठेवावं. दुसऱ्या दिवशी फळं बाजूला काढून पाक एकतारी करावा, फळं परत सोडून दोन उकळ्या द्याव्यात. वेलची पुरे, केशराचा इथं काही उपयोग नाही, फळाचा स्वतःचाच वास दांडगा.

दुधाच्या गरम पदार्थात मात्र हे फळ घालू नये, बासुंदी हमखास फाटते. श्रीखंडात छान लागतं: अर्धा किलो चक्क्याला आटवून गार केलेला वाटीभर गर. कच्चा गर घातला तर चक्का पाणी सोडतो.

भाकरीबरोबर चटणी करायची तर पाव किलो फळं, चार हिरव्या मिरच्या आणि सहा लसूण पाकळ्या लोखंडी तव्यावर थेंबभर तेलात भाजाव्यात. तव्यावर झाकण हवंच, फळ फुटलं की गरम रस उडतो. साली डागाळल्या की उतरवून जिरं, मीठ, कोथिंबीर, दोन चमचे दाण्याचं कूट आणि सुपारीएवढा गूळ घालून खलबत्त्यात ओबडधोबड कुटायचं. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जाऊन कडसर चव येते. ही चटणी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस राहते. थोडी पिठूळ, जास्त पिकलेली फळं हिला उत्तम, तेव्हा जमिनीवरून वेचलेली करंडी चटणीसाठी वेगळीच ठेवावी.