कासारीच्या पात्रातले गोटे

रविवार

सकाळ कासारी नदीच्या पात्रात गेली, कोल्हापूर जिल्ह्यातल्या बाजारभोगावच्या वरच्या अंगाला. पाणी उतरलंय, बंधाऱ्याखाली गोट्यांचा पट्टा उघडा पडलाय.

दगड गुळगुळीत आहे म्हणून तो ओळखता येतो असं नाही. नदी सगळ्यांनाच घासते. काळ्या गोट्यांच्या शेजारी विटेचा तुकडा पडला होता, तोही तसाच गोल! गोलाईवरून कळतो तो फक्त प्रवास. आपटून आपटून आधी कोपरे जातात, मग कडा. जात कळायला ताजी फोडच बघावी लागते.

पहिला फोडला. वर मळकट तपकिरी साल, आत निळसर काळा, बारीक कणांचा. बेसाल्ट, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा दगड. आपला हा सह्याद्री म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, त्यामुळे इथं दुसरं फारसं काही मिळतही नाही. ग्रॅनाइटचा एक तुकडा मिळाला खरा, पण एका बाजूनं चकचकीत. कुणाच्या तरी ओट्याची फरशी.

दुसऱ्यात पांढरे ठिपके होते. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकतात, पुढं झिरपणाऱ्या पाण्यातली खनिजं त्या पोकळ्या भरून काढतात. एक ठिपका चाकूनं सहज खरवडला, त्या भुकटीवर लिंबू पिळल्यावर बारीक फेस आला: कॅल्साइट, चुन्याचं खनिज. शेजारच्यावर चाकू चालेना, उलट पात्याचीच करडी रेघ उमटली. ती गारगोटी. घासलेल्या गोट्यावर ती बोटाला उंचवट्यासारखी लागते आणि कॅल्साइटच्या जागी खळगा, कारण मऊ खनिज आधी झिजतं. हे मला डोळ्यांपेक्षा अंगठ्यानं लवकर कळतं.

चपटे गोटे मात्र उचलायच्या आधी बघावेत. ते एकमेकांवर रेलून बसतात, उतार उगमाच्या दिशेला. कोरड्या ओढ्यातसुद्धा पाणी कुठून येत होतं ते यावरून सांगता येतं.

म्हशी धुणारे एक काका बराच वेळ बघत होते. दगडावर लिंबू पिळणारा माणूस, बघणारच.

"काय ओ, सोनं हाय व्हय त्यात?"

"नाही ओ काका, दगडच बघतोय."

त्यांनी पायाजवळचा एक भोकाभोकांचा गोटा उचलून दिला. "मग ह्यो न्या. टाचा घासाय बरा."

बरोबर होतं त्यांचं. पोकळ्या रिकाम्या राहिलेला बेसाल्ट, भोकांच्या कडा अजून खरखरीत. घरी आल्या आल्या तो वजरी म्हणून मोरीत गेला. माझे बाकीचे गोटे अजून पिशवीतच आहेत.