हे कोण म्हणतंय?

गुरुवार, रात्री पावणेबारा

जातीवरची असाइनमेंट परत मिळाली. चार पानांत मॅडमनी हिरव्या पेनाने तीनच शब्द लिहिलेत, पण सहा ठिकाणी: ‘हे कोण म्हणतंय?’ आधी रागच आला. कोण म्हणतंय म्हणजे काय? पुस्तकात आहे की! तेच तर सुवाच्य अक्षरात उतरवलंय.

बारावीपर्यंत हेच केलं. गाईडमध्ये कुणी बोलतच नसतं. ‘वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे’, की झालं. आणि वाचणं म्हणजे रेघा मारणं. माझ्या झेरॉक्सवर रेघ नसलेली ओळ शोधावी लागते.

आज लायब्ररीत आंबेडकरांचा भारतातल्या जातींवरचा निबंध तिसऱ्यांदा घेऊन बसले. 9 मे 1916 ला कोलंबिया विद्यापीठात, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये त्यांनी तो वाचला होता. वय 25! आधी दोनदा डिक्शनरी घेऊन शब्दार्थ लिहीत गेले, तर वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवातच विसरायचे. आज शब्द सोडून दिले. पेन्सिलीने समासात फक्त बोलणाऱ्याचं अक्षर लिहीत गेले. से, ने, रि, के. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले, केतकर: जातीची व्याख्या करणारे हे चार अभ्यासक, आंबेडकर त्यांचंच म्हणणं तपासतात. आंबेडकर स्वतः बोलतात तिथे आं.

हे केतकर म्हणजे आपले ज्ञानकोशकार. ते जातीची दोन लक्षणं सांगतात: सभासदत्व जन्मानेच, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी. मागच्या वेळी मी दोन्हींखाली रेघ मारून पुढे गेले होते. परीक्षेला दोन मुद्दे मिळाले. आंबेडकर तिथेच थांबतात. आधी केतकरांचं कौतुक करतात, मग म्हणतात, ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच पदकाच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न बंद केलं की आत जन्मलेलाच सभासद उरणार ना!

पेन्सिल खाली ठेवली. मोठ्या माणसाला मान द्यायचा, त्याचंच म्हणणं नीट मांडायचं आणि मग ‘नाही’ म्हणायचं. आमच्याकडे याला उलट बोलणं म्हणतात.

खोलीवर येऊन तीच पेन्सिल माझ्या असाइनमेंटवर चालवली. के, गा (गाईड), गा, के, गा. दोन परिच्छेद तर कुणाचे तेच आठवेना. ‘मी’ कुठेच नाही.

मग नवीन कागद घेतला. ‘केतकर यांच्या मते’ सहज जमलं. पुढे ‘मला असं वाटतं’ लिहिलं आणि खोडलं. मॅडम म्हणतात, वाटतं ते नको, का वाटतं ते लिही. शेवटी हे लिहिलं: ‘आमच्या गावात आता लोक एका पंगतीला बसतात, पण लग्नाचा विषय निघाला की तीच पंगत गप्प होते, म्हणून रोटीपेक्षा बेटीचं बंधन मूळचं, हे आंबेडकरांचं म्हणणं मला पटतं.’

एवढ्याला पाऊण तास गेला. गावची पंगत पुरावा म्हणून चालते का, ते उद्या मॅडमना विचारायचंय. तोवर समासात बारीक अक्षरात ‘मी’ लिहून ठेवलंय.