परत परत येणारा नायटा आणि 'नीट आंघोळ करत नाही वाटतं'

नायटा बरा होऊन परत आला की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलंच, नीट आंघोळ करत नाही वाटतं. त्यात ती घरातली सून असेल तर विचारूच नका. माझ्या मावशीने हे वर्षानुवर्षं ऐकलंय आणि तिच्याइतकं स्वच्छ माणूस मी तरी पाहिलेलं नाही. तिचा त्रास अनुवंशिक होता असं मी म्हणत नाहीये, तशी तपासणी कधी झालीच नाही, पण तिच्यामुळे मी या विषयाचं वाचायला लागले आणि जे कळलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

नायटा होतो बुरशीमुळे, आणि बुरशी सगळ्यांच्या आसपास असते, कॅन्डिडा नावाची बुरशी तर कितीतरी निरोगी लोकांच्या तोंडात, आतड्यात गुपचूप राहते. मग काहींनाच का छळते? बुरशीच्या पेशीच्या भिंतीत बीटा ग्लुकन नावाची साखरेची लांब साखळी असते, आपल्या पांढऱ्या पेशींवरचं डेक्टिन-१ नावाचं प्रोटीन ती ओळखतं, आणि 'बुरशी आली' हा निरोप आत पोचवायचं काम कार्ड-९ नावाचं प्रोटीन करतं. त्या कार्ड-९ च्या जीनच्या दोन्ही कॉपी, आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली, बिघडलेल्या असतील तर निरोप पोचतच नाही, बाकी इम्युनिटी बऱ्यापैकी ठीक, फक्त बुरशीपुढे माणूस उघडा पडतो.

२००९ मध्ये इराणमधल्या एका मोठ्या कुटुंबात हे सापडलं, नात्यात लग्नं झालेलं घर, ३६ जणांची तपासणी झाली, चौघांना सारखं बुरशीचं इन्फेक्शन होत होतं आणि आणखी तिघं कोवळ्या वयातच गेलेले, त्यातल्या दोघांच्या तर मेंदूपर्यंत कॅन्डिडा पोचली होती. मग २०१३ मध्ये अल्जीरिया, ट्युनिशिया, मोरोक्को इथल्या आठ कुटुंबांतले १७ पेशंट, कार्ड-९ चाच बिघाड असलेले. यांचा आजार काय, तर नायट्याचीच बुरशी, जी एरवी कातडीच्या वरच्या थरातच राहते, ती यांच्यात खोल शिरलेली, आणि चौघं त्यातच गेले. नायट्याने माणूस जातो हे वाचून मी बराच वेळ सुन्न होते.

सगळंच इतकं भयंकर नसतं. त्याच २००९ साली नेदरलँड्समधल्या एका घरातल्या बायकांमध्ये डेक्टिन-१ मधला बदल सापडला, त्यांना नखांचं नाहीतर योनीमार्गाचं फंगल इन्फेक्शन परत परत व्हायचं, जिवाला धोका नाही, पण ज्याबद्दल बाई कुणाशी बोलूही शकत नाही असा त्रास.

आता हेही स्पष्ट सांगते, सध्या भारतभर जो चिवट नायटा पसरलाय त्यामागे बहुतेक वेळा जीन नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी, तिचे टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधाला न जुमानणारे प्रकार, आणि मेडिकलमधून मनाने आणलेली स्टिरॉइडवाली ट्यूब, जी लावली की दोन दिवस खाज थांबते आणि आत बुरशी पसरत राहते. ती ट्यूब आधी बंद करा आणि स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

पण लहानपणापासून तोंडात पांढरं येतंय आणि औषध थांबलं की परत येतंय, नायटा खोल जाऊन गाठी होतायत, डायबिटीस नाही, एचआयव्ही नाही, आणि भावंडांतही तेच, तर इम्युनिटीच्या तपासणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, एनआयआयएच ही संस्था आहे, तिथे असल्या जन्मजात आजारांवर काम चालतं. आणि घरात मामाच्या मुलीशी किंवा आतेभावाशी लग्नं झाली असतील तर तेही न लाजता सांगा, आपल्याकडे ती रीतच आहे कितीतरी घरांत, डॉक्टरांना मात्र विचारल्याशिवाय कळणार नाही. आईबाप दोघंही वाहक, म्हणजे एकच कॉपी बिघडलेले, असले तरी स्वतः धडधाकट असतात, आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बिघडलेल्या कॉपी मिळण्याची शक्यता २५ टक्के असते, त्यामुळे एका मुलाचं निदान झालं की बाकीच्या भावंडांचीही तपासणी करून घ्या, त्यांना अजून काही झालेलं नसलं तरी.